बोंबील मासाच आहे, आणि मोरी सस्तन नाही

श्रावण संपला की मासळीबाजाराबरोबर फॉरवर्डही जोर धरतात. यंदाचा लाडका फॉरवर्ड म्हणजे ‘मासा समजून तुम्ही काय खाताय?’ खवले, काटा आणि अंडी या तीन खुणा असतील तोच खरा मासा, असा त्यात नियम ठोकून दिलाय. मग एकेकाची हजेरी: बोंबलाला खवले नाहीत, काटा नाही, वाम हा समुद्री साप, लेपो, म्हणजे दोन्ही डोळे एकाच बाजूला असलेला चपटा मासा, प्रदूषणामुळे वाकडा झालेला, हलवा म्हणजे काळं पापलेट, मोरी, म्हणजे शार्क, पिल्लं देते, म्हणून ती सस्तन.

बोंबलापासून सुरू करू. त्याला काटा नसता, तर ‘मधला काटा काढून दे गं’ असं कोळणीला कशाला सांगावं लागलं असतं? काटा आहे, फक्त मऊ आहे. या माशाच्या अंगात पाणीच फार, म्हणून तर चिरलेले बोंबील वजनाखाली दाबून ठेवतात. खवलेही आहेत, पण शेपटीकडच्या अर्ध्या अंगावर, बारीक आणि हात लावताच गळणारे. जबडा मात्र उघडून बघाच. आत वळलेल्या सुयांसारख्या दातांच्या रांगा दिसतील. सुकवताना दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकतात, ती या दातांच्या जिवावरच टिकते. हॅमिल्टन या निसर्गअभ्यासकाने गंगेतल्या माशांवर लिहिताना 1822 मध्ये बोंबलाचं शास्त्रीय वर्णन केलं. तेव्हापासून त्याच्या मासेपणाबद्दल कुणाला शंका आलेली नाही.

आणि खवले नसले म्हणून काय झालं? फितीसारख्या लांब वाकटीला एकही खवला नसतो, शेपटीचा परही नसतो. कोकणातल्या बेने इस्रायली या ज्यू समाजात खवले आणि पर असलेलेच मासे खायचे असा धर्मनियम आहे. पण तो नियम काय खावं ते सांगतो, मासा कशाला म्हणावं ते नाही. मुळात बिनखवल्यांचे मासे असतात म्हणूनच तो करावा लागला.

वामेचं प्रकरण तर फॉरवर्डवरच उलटतं. समुद्री सापाच्या अंगावर खवले असतात, वाम गुळगुळीत. म्हणजे यांच्या पहिल्या कसोटीवर साप पास आणि मासा नापास! वाम कल्ल्यांनी श्वास घेते. डोक्यामागे कल्ल्याची फट दिसते, तिच्याजवळ दोन पर, आणि पाठीवरून निघालेला पर थेट शेपटीच्या टोकापर्यंत जातो. सापाला यातलं काहीच नाही. त्याला श्वासासाठी पाण्याबाहेर तोंड काढावं लागतं, आणि त्याची शेपूट वल्ह्यासारखी चपटी असते. हा फरक डोल जाळं ओढणाऱ्या कोळ्यांना शिकवावा लागत नाही. जाळ्यात जिवंत साप येतो तेव्हा त्याचं विषही जिवंतच असतं.

लेपो वाकडा आहे खरा, पण प्रदूषणाचा इथे काही संबंध नाही. अंड्यातून निघालेलं त्याचं पिल्लू चारचौघांसारखं सरळ पोहतं, डोळे दोन्ही बाजूंना एकेक. मग कवटीची ठेवण बदलत जाते, उजवा डोळा सरकत डावीकडे येतो आणि मासा उजव्या कुशीवर वाळूत पडून राहतो. चपट्या माशांच्या काही कुळांत हेच नेमकं उलट्या बाजूला घडतं. 2008 साली जीवाश्मतज्ज्ञ मॅट फ्रीडमन यांनी सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या माशांचा डोळा अर्ध्या वाटेवर थांबलेला आहे. 5 कोटी वर्षांपूर्वी कुठले कारखाने होते?

हलव्याला काळं पापलेट म्हणण्याची चूक बाजारातही होते, इंग्रजी नावातही आहे, त्यामुळे यात फॉरवर्डला एकट्याला बोल लावत नाही. दोघे उंच, चपटे, ताटलीसारखे. पण हलव्याच्या शेपटीच्या देठावर बाजूने बोट फिरवा, टणक खवल्यांची कड लागते. ती त्याच्या घराण्याची खूण. हलवा हा काटबांगड्याचा भाऊबंद. आणि पापलेट? आजच्या वर्गीकरणात ते बांगडा, सुरमई आणि वाकटी यांच्यासोबत एकाच गणात बसतं. एक ताटली, दोन गोळीबंद पोहणारे आणि एक लांबलचक फीत, असं हे एक खानदान! उलट हलव्याचं नातं पापलेटापेक्षा त्या वाकड्या लेपोशी जवळचं निघालंय. जनुकं तपासायला लागल्यापासून अशी बरीच घरं मोडली आणि नवी जुळली. अंगाचा आकार हा मासा राहतो कुठे आणि पोहतो कसा यावरून घडतो, त्यामुळे दूरचे सारखे दिसू लागतात आणि सख्ख्यांची ओळख पटत नाही.

राहिली मोरी. ती पिल्लं देते हे खरंच. आपल्याकडच्या लहान मोरीचं अंडं जेमतेम 1 मिलिमीटरचं, पुढचं सगळं पोषण आईच्या पोटात नाळेतून होतं. पण पिल्लं तर डासांसाठी विहिरीत सोडतात ते गप्पी मासेही देतात. सस्तन ठरायला दूध पाजावं लागतं. मोरीला ना दूध, ना फुप्फुसं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांच्या पाच-पाच फटी. डॉल्फिन शेपूट वर-खाली मारतो, मोरी डावी-उजवीकडे. तिच्या अंगावरून शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवला तर सँडपेपरसारखं खरखरतं, ते खवलेच, दातासारख्या घडणीचे.

मोरीत खरं वेगळं काय, ते मात्र फॉरवर्डला सुचलंच नाही: तिचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचीक ऊतीचा आहे. तिची आणि हाडाच्या माशांची वाट फुटली 40 कोटी वर्षांहूनही आधी. आपण पाय फुटलेले प्राणी त्यानंतर हाडाच्या माशांतूनच आलो. म्हणजे बांगडा मोरीपेक्षा आपल्याला जवळचा. एका पूर्वजाची सगळी पिल्लावळ म्हणजे मासे असं काटेकोरपणे धरायचं, तर त्यात गाय येते, कावळा येतो, आणि हा मेसेज सकाळी सातला ‘सुप्रभात’सोबत पाठवणारे काकाही.