सिंकखालच्या कपाटाबाबत आणि वाढलेल्या बिलाबाबत आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार ताई,

किचनची कपाटे बनवणाऱ्या आमच्या दुकानाबद्दल आपण लिहिलेला अभिप्राय परवा रात्री वाचला आणि काल सकाळी, आपण परवानगी दिल्यावर, घरी येऊन सगळे काम स्वतः पाहिले. न पाहता उत्तर देणे योग्य वाटले नाही, म्हणून हा उशीर झाला. आपल्या तक्रारी चार आहेत: सिंकखालचे कपाट 8 महिन्यांत फुगले, 1,42,000 रुपयांचा अंदाज देऊन 1,68,500 रुपये घेतले, 15 दिवसांचे काम 34 दिवस चालले आणि कोपऱ्यातला ड्रॉवर शेजारच्या हँडलला अडतो. कमी पैशांत किचन करून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी सांगलीत कोणी लागू नये, असेही आपण शेवटी लिहिले आहे. बाकीची माणसेही हे वाचणार असल्याने उत्तर थोडे सविस्तर देतो.

सिंकखालच्या कपाटाबद्दल आपण लिहिलेला शब्द न् शब्द खरा आहे. काल मी आतले सामान बाजूला केले, तेव्हा सांडपाण्याचा पाइप ज्या भोकातून खाली जातो त्याच्याभोवती तळाची फळी भिजलेल्या खारी बिस्किटासारखी फुगून वर आली होती आणि बोट लावताच भुसा हाताला लागत होता. वर वेस्ट कपलिंगच्या (सिंकला पाइप जोडणाऱ्या भागाच्या) नटाला एक थेंब लटकत होता आणि त्याच्याखाली आपण ठेवलेली स्टीलची वाटी निम्मी भरली होती. रबरी वॉशर नीट बसला नव्हता हे खरे, परंतु सिंकखाली कधी ना कधी पाणी गळणारच, हे धरूनच ते कपाट बनवायचे असते. फळी आमच्याकडून निघते तेव्हा तिला वरखाली लॅमिनेट आणि चारही कडांना पट्टी चिकटवलेली असते, त्यामुळे पाण्याला आत शिरायला वाट नसते. पाइपसाठी जागेवर पाडलेल्या भोकाची कड मात्र आमच्या फिटरने उघडीच सोडली. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा राळेत दाबून केलेली फळी. तिला पाणी लागले की चुरा फुगतो, दाबलेला जोड सुटतो, आणि नंतर ती कितीही वाळवली तरी पूर्वीच्या जाडीवर येत नाही. त्या कडेवरून सिलिकॉनचा एक हात फिरवायला पाच मिनिटे लागली असती आणि तेवढेही आमच्याकडून झाले नाही.

फिटरच्या चुकीपेक्षा माझी चूक मोठी आहे. आपण पहिल्यांदा दुकानात आलात तेव्हा दीड लाखाच्या वर जाता येणार नाही, असे स्पष्ट सांगितले होते. संपूर्ण काम बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या) प्लायमध्ये, म्हणजे आयएस 710 या मानकाच्या प्लायमध्ये, केले तर आकडा 1,96,000 वर जात होता. या प्लायचा चिकटवलेला जोड 72 तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात, त्यामुळे तो पाण्याला सहजासहजी दाद देत नाही. आकडा खाली आणण्यासाठी मी सगळीच कपाटे प्रीलॅम, म्हणजे वरचा थर आधीच चिकटवून येणाऱ्या, पार्टिकल बोर्डची धरली. डब्यांच्या ट्रॉल्यांना आणि भिंतीवरच्या कपाटांना हा बोर्ड चालतो. तिथे पाण्याचा संबंध नाही आणि अशी कपाटे वर्षानुवर्षे नीट चाललेली मी पाहिली आहेत. सिंकखालचे एक कपाट मात्र वेगळे काढून प्लायमध्ये करायला हवे होते. काल परत येऊन हिशेब मांडला: दोन्ही दारांसह त्या कपाटाला सुमारे 21 चौरस फूट माल लागला आहे आणि प्लाय, त्यावरचे लॅमिनेट व मजुरी धरून फरक 2,800 रुपयांचा येतो. 1,42,000 ऐवजी 1,44,800 लिहिले असते, तरी आपली मर्यादा ओलांडली गेली नसती. ग्राहकाला ही निवड माहीत नसते, ती त्याच्यासमोर मांडणे हे माझे काम आहे आणि ते मी केले नाही. याबद्दल मी आपली मनापासून क्षमा मागतो.

हे मला अधिक लागले, त्याला कारण आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेने 57 फुटांची पातळी ओलांडली (धोक्याची पातळी 45 फूट आहे), त्या महापुरानंतर गावभागातल्या आणि आसपासच्या कितीतरी घरांतली तळमजल्यावरची किचन आम्ही उपसून बाहेर काढली. बोर्डची कपाटे हाताने उचलताना तुकड्यातुकड्यांनी सुटत होती. प्लायची काही कपाटे वाळवून, लॅमिनेट बदलून पुन्हा उभी करता आली. स्टीलच्या ट्रॉल्यांमधला गाळ धुतल्यावर बहुतेक परत वापरात आल्या, आणि ओट्याखालची कडप्प्याची जुनी मांडणी तर जिथल्या तिथे उभी होती. 2021 मध्ये पुन्हा पाणी आले तेव्हा हेच दुसऱ्यांदा पाहिले. पाणी कशाला काय करते हे इतक्या जवळून पाहिलेल्या माणसाने आपल्या सिंकखाली हा बोर्ड लावायला नको होता.

आता पैशांविषयी. अंदाज आणि अंतिम बिल यांत 26,500 रुपयांचा फरक आहे. त्यातले 14,500 रुपये माळ्याच्या दारांचे आणि 4,800 रुपये तेलाच्या बाटल्यांसाठी घेतलेल्या पुलआउटचे (बाहेर ओढता येणाऱ्या मांडणीचे) आहेत. ही दोन्ही कामे आपल्या सासूबाईंनी काम सुरू झाल्यावर सांगितली, त्यांचे दर आम्ही मोबाइलवर लिहून पाठवले आणि आपला होकार आल्यावरच माल कापला. त्यामुळे या 19,300 रुपयांना फसवणूक म्हणणे मला मान्य नाही. वस्तू आपल्या घरात आहेत आणि ठरलेल्या दराने आहेत. राहिलेले 7,200 रुपये मात्र प्लंबर व इलेक्ट्रिशियनचे 5,200 आणि माल दुसऱ्या मजल्यावर चढवण्याचे 2,000 असे आहेत. नळाची आणि चिमणीच्या पॉइंटची जागा बदलावी लागणार हे माप घेताना मला दिसत होते आणि आपल्या इमारतीला लिफ्ट नाही हेही दिसत होते. तरी अंदाजपत्रकात त्याची एकही ओळ नव्हती. खर्च खरा होता, पण तो आधी सांगितला नसल्याने तो आपल्याकडून घ्यायचा अधिकार मला नव्हता. ते 7,200 रुपये आपल्या खात्यावर आज जमा केले आहेत. यापुढे आमच्या अंदाजपत्रकात प्लंबर, इलेक्ट्रिशियन, भिंत फोडणे, चढवणावळ आणि 18 टक्के जीएसटी यांच्या ओळी वेगळ्या छापल्या जातील, आणि ज्याचा आकडा आधी काढता येत नाही तिथे तो रिकामा न ठेवता जास्तीत जास्त किती होईल ते लिहिले जाईल.

उशिराबाबत दोष दोघांत वाटला जातो, असे मला प्रामाणिकपणे वाटते. आम्ही माप घेतले तेव्हा भिंतीला जुन्या टाइल्स होत्या. नंतर आपण त्या न काढता त्यांच्यावरच नव्या टाइल्स माळ्यापर्यंत बसवून घेतल्या. घर जुने, भिंती गुण्यात (काटकोनात) नाहीत. गवंड्याने त्या ओळंब्यात (सरळ उभ्या रेषेत) आणण्यासाठी एका बाजूला मसाला जाड भरला आणि दोन भिंतींमधली जागा दीड इंचाने कमी झाली. वरची दोन कपाटे तयार होऊन आली ती बसेनात, परत नेऊन कापावी लागली आणि त्यांच्या दारांचे लॅमिनेट त्या रंगात शिल्लक नसल्याने ते मागवण्यात दहा दिवस गेले. टाइल्स बदलणार असल्याचे आपण कळवले असते तर बरे झाले असते. पण कापणीच्या आधी एकदा येऊन माप ताडून पाहणे ही आमची रीत आहे आणि त्या आठवड्यात तीन कामे एकदम हाती घेतल्यामुळे आम्ही ती पाळली नाही. त्या काळात आपण पंधरा दिवसांहून अधिक हॉलमध्ये गॅस मांडून स्वयंपाक केलात, हे मला काल पहिल्यांदा समजले. तेव्हाच विचारपूस करायला हवी होती.

कोपऱ्यातल्या ड्रॉवरचे लवकर सांगतो: कोपऱ्यात दोन इंचांची पट्टी सोडायची असते, ती सुटली नाही. ड्रॉवरचा दर्शनी भाग कमी करून पट्टी बसवून देतो.

कमी पैशांत किचन करून देणारे सगळेच फसवतात, त्यापेक्षा सुताराला घरी बसवून काम करून घ्यावे, असे आपण लिहिले आहे. माझे वडील सुतार होते आणि लोकांच्या अंगणात बसून त्यांनी केलेली कपाटे अजून वापरात आहेत, त्यामुळे त्या कामाला मी कमी लेखणार नाही. जुन्या वाड्यात, जिथे एकही कोपरा सरळ नाही, तिथे जागेवर कापून बसवणारा चांगला सुतारच उपयोगी पडतो. परंतु बेताच्या पैशांत चांगले किचन होत नाही, हे मला पटत नाही. आपल्याच घरी ग्रॅनाइटचा जुना ओटा भक्कम होता म्हणून आम्ही तो काढू दिला नाही आणि तेवढ्याने फोडकाम, नवा दगड आणि गवंडी यांचा खर्च वाचला. पैसे कमी असतील तेव्हा माळ्याची दारे पुढच्या वर्षावर ढकलता येतात, चकचकीत ॲक्रिलिकऐवजी साधे 1 मिमी लॅमिनेट घेता येते (पांढऱ्या दारावर हळदीचे बोट उठते, हे सांगलीकरांना वेगळे सांगायला नको), आणि आतल्या बाजूच्या रंगावर खर्च न केला तरी चालते. बिजागऱ्या, ड्रॉवरचे चॅनल आणि सिंकखालचे कपाट यांत मात्र काटकसर करू नये, कारण दिवसातून पन्नास वेळा उघडझाप आणि पाणी यांचा मार त्यांनाच बसतो. ओट्याच्या कडेला खालून एक बारीक खाच मारून घेतली की ओटा धुताना ओघळणारे पाणी दारांवर न उतरता तिथेच थेंब होऊन खाली पडते. आपल्या ओट्याला ती नाही, हेही काल लक्षात आले.

सिंकखालचे कपाट दोन्ही दारांसह बीडब्ल्यूपी प्लायमध्ये, आतून-बाहेरून लॅमिनेट लावून, आमच्या खर्चाने बदलून देत आहोत. प्लायवरचा आयएस 710 चा शिक्का कापण्याआधी आपल्याला दाखवला जाईल आणि आपण म्हणाल तर त्याचा तुकडा आपल्याकडे ठेवू. मिस्त्री आणि प्लंबर येत्या बुधवारी सकाळी 10 वाजता येतील; प्लंबर आधी नवा वॉशर बसवून सिंक भरून सोडून गळती पाहील, त्यानंतरच कपाट बसेल, आणि पाइपच्या भोकाच्या कडेला सिलिकॉन भरताना मी स्वतः हजर असेन. ओट्याच्या कडेची खाचही त्याच दिवशी मारून देतो. तिचे पैसे लागणार नाहीत, मात्र दगडाची धूळ उडेल, म्हणून मंगळवारी रात्रीच डबे आणि भांडी झाकून ठेवावीत. सिलिकॉन नीट वाळावे यासाठी गुरुवारी सकाळपर्यंत सिंक वापरता येणार नाही. बुधवार सोयीचा नसेल तर दुकानाच्या नंबरवर दुसरा दिवस कळवावा.