पैसे भरलेत ना, मग जेवा!

गोव्याला जायचं ठरलं की सगळ्यात आधी जेवणाचे पैसे भरून टाका. खोलीचं नंतर बघता येईल, समुद्र तर कुठे पळून जात नाही. जेवणाचं मात्र सांगता येत नाही. गोव्यात खायला मिळत नाही हे तुम्हाला ठाऊक असेलच. पोर्तुगीज १५१० ते १९६१ इथे उपाशीपोटी राहिले, आणि आम्ही स्थानिक लोक आजही रिसॉर्टच्या कुंपणाबाहेर उभे राहून बुफेच्या वासावर जगतो.

बुकिंग करताना ईपी, सीपी, एमएपी, एपी अशी अक्षरं दिसतील. घाबरू नका. ईपी म्हणजे नुसती खोली. सीपी म्हणजे खोली आणि सकाळचा नाश्ता. एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे तिन्ही त्रिकाळ. फोनवरचा मुलगा म्हणेल, "सर, फॅमिली आहे ना? मग एपीच घ्या, टेन्शन नको." लगेच घ्या. भर पावसाळ्यात निम्म्या खोल्या रिकाम्या असताना आचाऱ्याचा पगार कुठून काढायचा याचं टेन्शन त्या बिचाऱ्यांना असतं. ते तुम्ही घेतलंत की त्यांचं मिटलं.

हिशेब करू नका. हिशेब केला की सुट्टीचा मूड जातो. समजा नाश्त्यासकट खोलीचा जो दर आहे, त्यापेक्षा तिन्ही जेवणांचा दर माणशी रोज १६०० रुपयांनी जास्त आहे. चौघांचे दिवसाला ६४०० आणि तीन रात्रींचे १९२०० झाले. आता साध्या खाणावळीत फिश थाळी दोनशे-तीनशेच्या घरात मिळते. तीनशेच धरा. चौघांनी दोन्ही वेळा थाळी खाल्ली तरी दिवसाचे २४००, तीन दिवसांचे ७२००. बारा हजार उरले. एवढ्या पैशांत काय काय येईल हे मी सांगत नाही. कदाचित टॅक्सीसुद्धा येईल.

गोव्यातल्या टॅक्सीच्या भाड्याबद्दल मी बोलणार नाही. तुम्हाला माहीत आहे.

तीन रात्री म्हणजे चार दिवस, म्हणजे चार दुपारची जेवणं, असंही मोजू नका. मोजणी रात्रींवर असते. पहिल्या दिवशी खोली दोन वाजता ताब्यात येते, आणि तुम्ही बॅगा ठेवून, तोंड धुऊन, मुलांना हाका मारत खाली येईपर्यंत बुफेवरची झाकणं पडलेली असतात. शेवटच्या दिवशी अकराला खोली सोडायची असते. मधल्या दिवसांची दुपारची जेवणं मात्र पूर्ण तुमची. अट एवढीच की दुपारी तुम्ही रिसॉर्टमध्ये असलं पाहिजे.

म्हणून गोवा बघायला जाऊ नका. नाश्ता साडेसात ते दहा, दुपारचं जेवण साडेबारा ते अडीच आणि रात्रीचं साडेसात ते दहा, हे वेळापत्रक मोबाईलच्या वॉलपेपरला लावा. दोन जेवणांच्या मध्ये जेवढा गोवा बसेल तेवढाच आपला. जुनं गोवं बसत नाही. तांबडी सुर्लाचं देऊळ तर अजिबात बसत नाही. पंधरा मिनिटांवरचा किनारा बसतो, तो बघा.

ही कल्पना मोठी आहे, बाहेरून आलेली आहे, म्हणजे चांगलीच असणार. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्ये असा आगाऊ पैशांचा जेवण-प्लॅन आहे. २०२० मध्ये त्यांनी तो बंद केला आणि ९ जानेवारी २०२४ पासून पुन्हा सुरू केला. तिथेही तो परवडतो की नाही यावर लोक हिरीरीने भांडतात. पण तिथे जेवणं तुमच्या नावावर जमा होतात. मुक्कामात केव्हाही आणि त्यांच्या आवारातल्या कितीतरी ठिकाणांपैकी कुठेही ती वापरता येतात, आणि निघायच्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत चालतात. आज दुपारचं चुकलं तर उद्या दोन खा. आपल्याकडे ही भानगड ठेवलेली नाही. दुपारचं जेवण अडीचला मरतं, रात्रीचं दहाला. सुतक नाही, परतावा नाही.

आता मुख्य सल्ला. गोव्यात नातेवाईक असतील तर त्यांच्याकडे जेवू नका.

माझा पुण्याचा मावसभाऊ, आमचा दादा, गेल्या आषाढात सहकुटुंब आला. आंबोलीमार्गे गाडी काढून, उत्तरेच्या किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टचं वॉटर स्लाइड, रेन डान्स आणि तीन वेळचं जेवण असलेलं पॅकेज घेऊन. सोमवार होता. मंगेशीला कुलदैवताचं दर्शन घेतलं आणि फोंड्याला आमच्याकडे आला. माझी आई म्हणजे त्याची सख्खी मावशी. तिने पहाटेपासून स्वयंपाक मांडला होता. खतखतं म्हणजे मिसळीची भाजी होती, फागलांची म्हणजे कर्टोल्यांची कापं होती, सोलकढी होती, आणि अळम्यांची शाकुती, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्याचा रस्सा. अळमी म्हणजे रानातली अळंबी, पण त्यांचं मोल काय ते गोव्याच्या माणसाला विचारा. वर्षातले थोडेच दिवस ती मिळतात, रस्त्याकडेला पानात बांधून विकायला बसतात, आणि पाचशेच्या नोटेत एका घराचं भागेल याची खात्री नसते. आम्ही ती स्वतःसाठी घेताना दहादा विचार करतो.

दादा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. पाऊण वाजला होता.

"मावशी, राहू दे गं. तिकडे पैसे भरलेत. अडीचला बंद होतं."

आई म्हणाली, "दोन घांस तरी खावन वच रे."

त्याने उभ्या उभ्या वाटीभर सोलकढी घेतली. वहिनींचा पाय निघत नव्हता, मला दिसत होतं. धाकटा तर फागलांच्या कापांकडे हात नेऊन परत घेत होता, कारण बाबांनी गाडी सुरू केली होती. गेले. पर्वरीत अडकले. दोन चाळीसला पोचले. बुफे बंद. मग खोलीत सँडविच मागवली, ती प्लॅनमध्ये बसत नाहीत म्हणून वेगळं बिल झालं. संध्याकाळी फोनवर दादा मलाच म्हणतो, "तुमच्या गोव्यात ट्रॅफिक फार वाढलंय रे."

आई काही बोलली नाही. शाकुती शेजाऱ्यांकडे गेली.

पुढचा सल्ला मग ओघानेच येतो: मासे फक्त बुफेत खा. दुसऱ्या दिवशी दादाने आम्हा नवरा-बायकोला रात्री रिसॉर्टवर जेवायला बोलावलं. भरपाई म्हणून असेल. बाहेरच्या पाहुण्याचा दर वेगळा, तो दादाने भरला. त्या रात्री 'गोवन नाइट' होती. फुलाफुलांचे शर्ट घातलेले वाढपी होते, गिटारवाला होता, आणि मधोमध तांब्याच्या भांड्यात 'ऑथेंटिक गोवन फिश करी'. मी डाव फिरवला. पांढरे, चौकोनी, काटा नाही, कातडं नाही, वास नाही असे तुकडे. बासा! गोव्याच्या किनाऱ्यावर, समुद्र ऐकू येतोय एवढ्या अंतरावर, तळ्यात वाढवलेला, बर्फातून आलेला बासा! आमटीत कोकम नाही, तिरफळ नाही, नारळाच्या जागी टोमॅटो आणि साय. मी विचारलं तर वाढणारा मुलगा म्हणाला, "सर, सीझन बंद आहे ना, फिशिंग बॅन."

बॅन आहे हे मला सांगतोस? १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, यांत्रिक बोटींना बंदी असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. गोव्यातलं शाळकरी पोर हे सांगेल. म्हणून आम्ही काय जुलैत बासा खातो? बिनइंजिनाच्या होड्या चालू असतात. खाजनांच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांच्या, मानशीतली म्हणजे पाण्याच्या दारातली सुंगटं, कोळंबी हो, मिळतात. तिसऱ्या असतात, खुबे असतात, नदीतलं काहीबाही असतं. काहीच नसलं तर पुरुमेत, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीत, असतं. मे महिन्यात भरून ठेवलेला सुका बांगडा, सुकी सुंगटं. सुक्या सुंगटांची किसमूर, म्हणजे खोबरं घातलेली कोशिंबीर, आणि भात यावर आमचे अख्खे पावसाळे निघाले आहेत. ती करायला खर्च किती? बुफेत जो रशियन सॅलडचा डोंगर कुणी हात न लावता पडला होता, त्याच्या अर्ध्यात झाली असती. पण किसमूर केली असती तर पुण्याचा पाहुणा नाक मुरडेल ना! म्हणून पनीर बटर मसाला. म्हणून हाका नूडल्स. म्हणून गुलाबजाम, आणि त्याला शेवटी 'बेबिंका काउंटर' असं नाव, जिथे बेबिंका, म्हणजे आमची थरांची गोड मिठाई, संपलेली.

आणि तळलेला मासा हवा असेल तर कोपऱ्यात लाइव्ह काउंटर होता. तो प्लॅनमध्ये नव्हता.

आता बारीकसारीक.

मूल बारा वर्षांचं झालं असेल तर ते प्रौढ आहे. फक्त फ्रेंच फ्राइज खात असलं तरी.

पाणी म्हणजे जेवण नव्हे. बाटलीचे पैसे निघताना.

२४ आणि ३१ डिसेंबरला जाणार असाल तर 'गाला डिनर'चे पैसे सक्तीने वेगळे भरायची तयारी ठेवा. जेवणाचे पैसे आधीच भरलेत हे कारण चालत नाही.

पाहुणे कमी असले की 'आज बुफे नाही, सेट मेन्यू' असं कळवतात. पैसे बुफेचेच.

बिलावर सर्व्हिस चार्ज दिसला तर आनंदाने भरा. तो ग्राहकाच्या माथी आपोआप मारू नये असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ लाच सांगितलं आहे आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलूनही धरलं आहे. पण सुट्टीत कोर्टकचेऱ्या कोण आठवतो? १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबरही तुम्ही सेव्ह करणार नाही, मला खात्री आहे.

आणि वसूल करा. हे महत्त्वाचं. भूक असो नसो, ताट भरा. नाश्त्याला इडली, वडा, छोले-पुरी, ऑम्लेट, पॅनकेक, कॉर्नफ्लेक्स, सगळं एकाच फेरीत. त्यातलं निम्मं टाका. निघताना उकडलेली अंडी आणि केळी टिश्यूपेपरात गुंडाळून पर्समध्ये घाला. दुपारपर्यंत त्यांचा वास गाडीभर पसरतो, तरी टाकवत नाहीत, कारण पैसे भरलेत. मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावरचा माझा दादा, ज्याने आयुष्यात कुणाचा रुपया बुडवला नाही, तो त्या रात्री तिसऱ्यांदा गुलाबजाम वाढून घेत म्हणाला, "नको वाटतंय रे, पण सोडायचं कसं?" त्याच्या कपाळावर घाम होता. वहिनी दुसरीकडे बघत होत्या.

बास झालं. कसला सल्ला देतोय मी.

अहो, तुम्ही शिकलीसवरली माणसं ना? भाजी घेताना कोथिंबिरीच्या जुडीवरून घासाघीस करता, आणि हजारो रुपयांचं जेवण न बघता, न विचारता विकत घेता? सगळं आधी भरून टाकलं की डोक्याला ताप नाही, असं वाटतं तुम्हाला. ताप कसा नाही? सबंध सुट्टीभर घड्याळाला बांधलेले असता. देवळात उभे असता आणि डोक्यात बुफे. हॉटेलवाल्याला हे पक्कं माहीत आहे की तुमची दोन-तीन जेवणं चुकणार. त्याची कमाई तिथेच आहे. तुम्ही खाल्लेल्या जेवणावर नाही, न खाल्लेल्यावर.

हो, काहींना हा प्लॅन उपयोगी पडतो. सोबत आजी-आजोबा असतील, तान्हं मूल असेल, जागा आडबाजूला असेल, धुवाधार पाऊस असेल आणि किनाऱ्यावरचे शॅक उठलेले असतील, तर रात्रीचं जेवण जागेवर मिळणं बरं. त्यांनी एमएपी घ्यावा, आणि जेवण रात्रीचं घ्यावं. बाकी धडधाकट माणसांना नाश्ता पुरे. दुपारी जिथे असाल तिथे जेवा. म्हापशात असाल तर म्हापशात, मडगावात असाल तर मडगावात. जिथे रिक्षावाले आणि कचेरीतले लोक रांग लावून बसलेत त्या खाणावळीत शिरा. संध्याकाळी गाड्यावर रस ऑम्लेट, म्हणजे वर रस्सा ओतलेलं ऑम्लेट, खा. पोदेराकडचा, म्हणजे गावच्या पाववाल्याकडचा, पाव घ्या. मरत नाही कुणी.

आणि घ्यायचाच असेल प्लॅन, तर तोंड उघडा. पहिलं जेवण कोणतं, शेवटचं कोणतं? दुपारचं चुकलं तर रात्री बदलून देणार का, डबा बांधून देणार का? पाहुणे कमी असले तर बुफे की सेट मेन्यू? मुलाचं वय कुठे मोजता? पाणी, चहा, लाइव्ह काउंटर आत की बाहेर? करसुद्धा विचारा. रोजच्या ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्या खोलीला १८ टक्के, तेव्हा जेवण खोलीच्या दरात मिसळून तुम्हाला ती रेघ ओलांडायला लावताहेत का? मासा कोणता, हेही विचारा. लाजू नका. हे सगळं लिहून मागा, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना. लिहून द्यायला तयार नसतील तर नुसत्या खोलीचं बुकिंग करा आणि त्या मुलाने तीनदा परत फोन केला तरी उचलू नका.