कोंबडीच्या भांडणातला कर आणि डेट्रॉइटचा तोटा

तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातले उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबले आणि पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेतला, तेव्हा आमच्या पुण्यात एक निदान वारंवार कानावर पडत होते: अमेरिकन कंपन्यांना पगारांनी आणि युनियनने बुडवले. अमेरिकेतही डेट्रॉइटबद्दल, म्हणजे तिथल्या मोटारउद्योगाच्या केंद्राबद्दल बोलताना हेच निदान अनेक वर्षे ऐकवले जाते.

त्यात तथ्य नाही असे नाही. जनरल मोटर्सने १९५० साली युनियनशी केलेल्या पाच वर्षांच्या करारात निवृत्तिवेतनाचा आणि आरोग्यविम्याचा भार स्वतःवर घेतला. इतर प्रगत देशांत जो खर्च बहुतांशी सार्वजनिक विम्यातून भागतो, तो अमेरिकेत गाडीच्या किमतीत शिरला. बाजाराचा जवळपास निम्मा हिस्सा हाती होता तोवर ते झेपले. २००८ पर्यंत हिस्सा पाव भागाखाली आला आणि निवृत्तांची संख्या कामावर असलेल्यांच्या कितीतरी पट झाली.

परंतु सगळे खापर कामगारांवर फोडणाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील फ्रिमाँटचा कारखाना आठवावा. गैरहजेरी आणि सदोष गाड्यांमुळे बदनाम झालेला तो कारखाना जनरल मोटर्सने १९८२ मध्ये बंद केला. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तो पुन्हा सुरू झाला, तेव्हा बहुसंख्य कामगार जुनेच होते, युनियनही तीच होती, आणि तरीही गाड्यांचा दर्जा टोयोटाच्या जपानी कारखान्यांच्या जवळ जाऊन पोहोचला. बदलले होते ते व्यवस्थापन.

माझ्या मते खरे दुखणे आयातशुल्काच्या आडोशाला राहण्याच्या सवयीत आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपीय देशांनी स्वस्त अमेरिकन कोंबड्यांवर शुल्क वाढवले, आणि त्याचा वचपा म्हणून अमेरिकेने बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांच्या आयातीवर २५ टक्के कर बसवला. बाकीच्या वस्तूंवरचे ते वाढीव शुल्क कालांतराने गेले. ट्रकवरचे १९६४ पासून आजतागायत टिकून आहे. साध्या मोटारीवर मात्र कित्येक दशके अवघे अडीच टक्के शुल्क होते. म्हणजे मोटारींच्या बाजारात जपान्यांशी रोज झुंज आणि पिकअपच्या, म्हणजे अशा हलक्या ट्रकांच्या बाजारात जवळजवळ रान मोकळे. त्यात १९७५च्या इंधनबचतीच्या कायद्याखाली हलक्या ट्रकांना सैल निकष मिळाले, आणि ट्रकच्या सांगाड्यावर उभ्या केलेल्या एसयूव्हीही त्याच सवलतीत बसल्या. जिथे नफा सहज मिळतो तिथेच पैसा आणि अभियंते गेले. लहान गाडी हे नाइलाजाने उरकायचे काम ठरले. (या कराचा काच पुढे फोर्डलाही बसला. तुर्कस्तानातून आणलेल्या मालवाहू व्हॅनमध्ये मागची आसने बसवून ती प्रवासी गाडी म्हणून बंदरात उतरवायची आणि मग तीच आसने काढून टाकायची, असा उद्योग कंपनीने कित्येक वर्षे केला आणि २०२४ मध्ये ३६.५ कोटी डॉलर भरून ते प्रकरण मिटवले.)

अशा धंद्याची तब्येत पेट्रोलच्या दरावर हेलकावे खाते. जुलै २००८ मध्ये कच्चे तेल १४० डॉलरच्या वर गेले, पाठोपाठ कर्जे आटली, आणि २००९ मध्ये क्रायस्लर व जनरल मोटर्स दोघींनीही दिवाळखोरीसाठी अर्ज केला. फोर्ड वाचली, कारण २००६ मध्येच तिने आपल्या निळ्या बोधचिन्हासकट बहुतेक मालमत्ता गहाण टाकून कर्ज उचलले होते. तरीही जग्वार आणि लँड रोव्हर टाटांना २३० कोटी डॉलरना विकावी लागलीच. एवढे सोसूनही २०१८ मध्ये त्याच फोर्डने उत्तर अमेरिकेत सेडान गाड्या बंद करण्याचे जाहीर केले.

विजेच्या गाड्यांच्या बाबतीतही हीच सवय आडवी आली. फोर्डने विजेचा पिकअप काढला, जनरल मोटर्सने चार टनांहून जड हमर काढली. फोर्डच्या विद्युत विभागाला २०२३ मध्ये सुमारे ४७० कोटी आणि २०२४ मध्ये सुमारे ५१० कोटी डॉलरचा तोटा झाला. दरम्यान चिनी कंपन्या लहान, स्वस्त विजेच्या गाड्या करायला शिकल्या, आणि २०२४ मध्ये अमेरिकन सरकारने त्यांच्यावर १०० टक्के शुल्क लावून जुन्या आडोशाशेजारी नवी भिंत उभी केली.

त्याच वर्षी फोर्डचे प्रमुख जिम फार्ली यांनी एका मुलाखतीत सांगितले की शाओमी या चिनी कंपनीची विजेची गाडी त्यांनी शांघायहून विमानाने शिकागोला मागवली, सहा महिने ती चालवली आणि आता ती सोडवत नाही.