पहिला घटक चिकन? मग काय झालं!

मांजराच्या खाण्याचं पाकीट उलटं करायचं, घटकांची यादी वाचायची. पहिलं नाव 'चिकन' असलं की "मस्त ब्रँड". 'राइस' किंवा 'कॉर्न' असलं की "कचरा आहे हा, मांजराला मारणार का?" आपल्या मांजरवाल्या ग्रुपांवर हा निकाल रोज लागतो आणि देणाऱ्याला तो द्यायला दहा सेकंदही लागत नाहीत. मी एका फूड कंपनीत क्वालिटीला आहे. लेबलं तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम. (आमची कंपनी प्राण्यांचं खाणं बनवत नाही, तेव्हा "कुणाकडून पैसे घेतलेस" हे आधीच बाजूला ठेवा.) आज जरा सविस्तर लिहिते, कारण दर आठवड्याला कुणीतरी इनबॉक्समध्ये तेच विचारतं: कुणाचं ऐकायचं?

आधी त्या यादीबद्दल. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात आणि ते वजन शिजवण्याआधीचं असतं. ताज्या चिकनमध्ये साधारण सत्तर टक्के पाणीच असतं. ते पाण्यासकट तोललं जातं, म्हणून यादीत वर बसतं. पुढे मशीनमधून दाणे बाहेर पडून वाळले की त्यातलं बहुतेक पाणी उडून जातं. 'चिकन मील' म्हणजे आधीच सुकवून दळलेलं. ते यादीत दुसरं-तिसरं असलं तरी त्याच वजनाच्या ताज्या चिकनपेक्षा कितीतरी जास्त प्रोटीन देतं. शिवाय तांदूळ, तांदळाचं पीठ आणि तांदळाचा कोंडा अशी तीन नावं वेगळी लिहिली की प्रत्येक नाव खाली सरकतं आणि चिकन आपोआप वर येतं. हे सगळं नियमात बसतं. पण एवढ्यावरून त्या खाण्याचा दर्जा ठरवायचा म्हणजे लग्नपत्रिकेवरच्या नावांच्या क्रमावरून जावई कसा आहे ते ओळखण्यासारखं आहे.

टक्क्यांचंही तेच. "या पाऊचमध्ये फक्त १० टक्के प्रोटीन आणि ड्राय फूडमध्ये ३२!" अहो, पाऊचमध्ये ८० टक्के पाणी आहे. पाणी काढून हिशोब करा, पाऊच ५० टक्क्यांवर जातो आणि १० टक्के ओलावा असलेलं ड्राय फूड ३५-३६ वर येतं. कार्बोहायड्रेट तर बहुतेक पाकिटांवर छापलेलंच नसतं. शंभरातून प्रोटीन, फॅट, फायबर, ओलावा आणि सात-आठ टक्के राख (म्हणजे खनिजं) वजा केली की अंदाजे आकडा मिळतो. पाकिटावरचे आकडे 'किमान' आणि 'कमाल' असतात, त्यामुळे अंदाजेच.

आणि पाकिटावरचा 'क्रूड प्रोटीन' हा आकडा कसा येतो माहितेय? लॅबमध्ये प्रोटीन थेट कुणी मोजत नाही. नमुना सल्फ्युरिक ॲसिडमध्ये तास-दोन तास उकळतात, सगळं काळं होऊन पुन्हा निवळेपर्यंत, मग त्यातला नायट्रोजन मोजतात आणि ६.२५ ने गुणतात. हा नायट्रोजन मांसातून आला, पिसांतून आला की आणखी कशातून, हे ती चाचणी सांगत नाही. २००७ साली अमेरिकेत याचाच फायदा घेतला गेला. प्राण्यांच्या खाण्यात घालायला चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये (गव्हातल्या प्रोटीनमध्ये) मेलामाइन हे प्लास्टिकसाठी वापरायचं रसायन मिसळलेलं निघालं. मेलामाइनच्या वजनाचा दोन तृतीयांश भाग नायट्रोजन असतो, म्हणजे कागदावर प्रोटीन भरपूर. मेन्यू फूड्स या कंपनीला त्या मार्चमध्ये सहा कोटींच्या आसपास डबे आणि पाऊच परत बोलवावे लागले. ते डझनावारी वेगवेगळ्या ब्रँडांच्या नावाने विकले जात होते, स्वस्त आणि महाग दोन्ही. मूत्रपिंडात स्फटिक साचून कुत्री-मांजरं गेली. त्या पाकिटांवरची घटकांची यादी वाचून कुणाला काही कळलं असतं का?

मला विचाराल तर प्रश्न घटकांचा नाही, ते खाणं तपासलं कुणी आणि चुकलं तर जबाब देणार कोण, हा आहे.

टॉरिनची गोष्ट ठाऊक असायलाच हवी. मांजराला हे अमिनो आम्ल शरीरात पुरेसं बनवता येत नाही, मांसातूनच मिळवावं लागतं. ते कमी पडलं की डोळ्याचा पडदा खराब होतो, हे १९७५ मध्ये संशोधकांनी दाखवलं. तेवढ्यावर विषय संपला असं सगळ्यांना वाटलं. मग १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठात पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की हृदयाचे स्नायू सैल पडून मरायला टेकलेल्या मांजरांच्या रक्तात टॉरिन अगदी कमी आहे. ही मांजरं काही दहीभातावर वाढलेली नव्हती. नावाजलेल्या कंपन्यांचं, तेव्हाच्या निकषांत बसणारं खाणं खात होती. टॉरिन दिल्यावर त्यांची हृदयं सुधारली. कंपन्यांनी प्रमाण वाढवलं आणि हा आजार, जो तोवर मांजरांमध्ये नेहमीचा होता, तो दुर्मीळ झाला.

"कंपन्या विष विकतात" म्हणणारे या गोष्टीचा पहिला अर्धा भाग सांगतात. "मोठ्या ब्रँडवर डोळे झाकून विश्वास ठेवा" म्हणणारे दुसरा. मला ती पूर्ण हवी असते. निकषांत बसणारं खाणं चुकीचं निघालं, ते विद्यापीठातल्या लोकांनी पकडलं, छापलं, आणि साऱ्या उद्योगाला बदलावं लागलं. दुरुस्त होण्याची अशी सोय इन्स्टावरच्या रीलला नसते.

आता घरचं खाणं. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मांजरं दूध-पोळीवर, कोकणात मांदेली-बांगड्याच्या डोक्यांवर वाढली, हे खरंच आहे. ती दिवसभर बाहेर उंदीर, पाली, चिमण्या मारून खात होती हेही खरं आहे, आणि ती किती वर्षं जगायची हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. तिसऱ्या मजल्यावर जाळी लावलेल्या फ्लॅटमधल्या माऊला उंदीर कुठून मिळणार? तिला आपण देतो तेवढंच मिळतं. चिकन उकडून नुसतं मांस दिलं तर त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला. पिल्लांना महिनोन्‌महिने असं दिलं की शरीर हाडांतून कॅल्शियम ओढतं आणि सोफ्यावरून उडी मारताना पाय मोडतो. टॉरिन पाण्यात उतरतं, म्हणून उकडलेलं पाणी फेकून देणारे अर्धा फायदा सिंकमध्ये ओततात. गाजर-भोपळ्यातून मांजराला व्हिटॅमिन ए मिळत नाही, कारण कॅरोटिनपासून ते बनवणं त्याच्या शरीराला जमत नाही. कच्च्या माशांपैकी काहींत थायमिन (व्हिटॅमिन बी-१) तोडणारं एन्झाइम असतं. आणि कांदा-लसूण घातलेला रस्सा तर मुळीच नको, त्याने तांबड्या पेशी फुटतात.

घरी बनवूच नये असं मी म्हणत नाही. पण रेसिपी कुणाची? डेव्हिसच्याच मंडळींनी २०१९ मध्ये मांजरांच्या घरगुती जेवणाच्या ११४ पाककृती तपासल्या, पुस्तकांतल्या आणि ऑनलाइन दोन्ही. सगळी आवश्यक पोषकतत्त्वं पुरेशा प्रमाणात देणारी एकही निघाली नाही. आणि त्यातल्या काही पशुवैद्यांनी लिहिलेल्याही होत्या, म्हणजे पदवीवरही डोळे झाकून जाता येत नाही.

कच्च्या मांसवाल्यांशी वाद घालायचा मला कंटाळा आलाय. त्यांच्याकडे एक हुकमी पत्ता असतो: पॉटेंजर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९३०च्या दशकात शेकडो मांजरं पाळली, शिजवलेल्या मांसावरची पिढी-दर-पिढी खंगली, कच्च्यावरची ठणठणीत राहिली. बरोबर. पण तेव्हा टॉरिनची गरजच कुणाला ठाऊक नव्हती, आणि आज ते खाण्यात वेगळं घालता येतं. दुसरीकडे डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले ते आठवा. कोंबडीच्या मांसातून लागण झाली असावी असा संशय तेव्हा व्यक्त झाला होता. वाघाला जे झेपलं नाही ते तुमच्या चार किलोच्या माऊला झेपेल, हा विश्वास कुठून येतो?

तर मग कुणाचं ऐकायचं?

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंचा बोका, बाळ्या. सात वर्षांचा, केशरी, चांगला गुबगुबीत. एका संध्याकाळी काकू सांगत आल्या की तो ट्रेमध्ये सारखा जाऊन बसतोय, कण्हतोय, पोट साफ होत नाहीये बहुतेक. आम्ही वाकून पाहिलं तर वाळू कोरडी होती, एका कोपऱ्यात चार थेंबांएवढाच ओला ठिपका. (बोकेवाल्यांनो, हे लक्षात ठेवा. लघवी तुंबलेला बोका दीड-दोन दिवसांत जाऊ शकतो. रात्री असेल तर रात्री न्या.) डॉक्टरांनी नळी घालून मोकळं केलं, आणि दुसऱ्या दिवशी खाण्याचा विषय निघाला तेव्हा ब्रँडचं नाव घेण्याआधी त्यांनी प्रश्न विचारले. वजन किती होतं गेल्या वर्षी? दिवसाला किती ग्रॅम? "एक वाटी" म्हणाल्यावर त्यांनी काकूंना ती वाटी घरून आणायला लावली आणि काट्यावर ठेवली. नव्वद ग्रॅम दाणे मावले. चार किलोच्या नसबंदी झालेल्या मांजराला दिवसाला साधारण २०० कॅलरी लागतात, म्हणजे बहुतेक ड्राय फूडचे पन्नास-पंचावन्न ग्रॅम. पुढचा प्रश्न: आणखी कोण खायला घालतं? तेव्हा कळलं, वॉचमनदादा रोज सकाळी सुकट देतात. खारी.

लघवीत स्फटिक सापडले, ते स्ट्रुव्हाइट या प्रकारचे निघाले. हे खाण्याने विरघळू शकतात. कॅल्शियम ऑक्झलेटचे असते तर नसते विरघळले. डॉक्टरांनी लघवीसाठीचं प्रिस्क्रिप्शन फूड लिहून दिलं. ग्रुपवर फोटो टाकल्याबरोबर एक ताई आल्या: "घटक बघितलेत का? राइस आहे यात! डॉक्टरला कमिशन मिळतं." या ताईंनी बाळ्याचं वय विचारलं नव्हतं, लघवीचा रिपोर्ट पाहिला नव्हता. त्यांच्या प्रोफाइलवर 'पेट न्यूट्रिशनिस्ट' लिहिलंय आणि खाली डिस्काउंट कोड.

'पेट न्यूट्रिशनिस्ट' हे नाव आपल्याकडे कुणीही लावू शकतं. पशुवैद्याची मात्र कौन्सिलकडे नोंदणी असते, नंबर असतो, तक्रार करायला जागा असते. मी डॉक्टरांना देव मानत नाही. आपल्या पशुवैद्यकीय कॉलेजांत पोषणाच्या शिक्षणाचा भर गाई-म्हशी आणि कोंबड्यांवर असतो, मांजर कुठेतरी शेवटी येतं. क्लिनिकमध्ये पोती रचलेली असतात हेही दिसतं मला. जगभरच्या पशुवैद्यांची जी संघटना, वसावा, खाणं कसं निवडावं याची मार्गदर्शक तत्त्वं काढते, तिच्या प्रायोजकांत याच मोठ्या कंपन्या आहेत. हे माहीत असावं. तरीही त्यांनी सुचवलेले प्रश्न रास्त आहेत: हे खाणं कुणी आखलं, त्याचं शिक्षण काय, कुठल्या कारखान्यात बनतं, तयार मालाची तपासणी काय होते. कंपनीला ईमेल करून विचारा. दोन कंपन्यांकडून मला नीट उत्तर आलं, एका मोठ्या गोंडस पाकिटवाल्याने "वी यूज ओन्ली द फायनेस्ट इन्ग्रीडियंट्स" एवढंच पाठवलं. माझ्या धंद्यात याला उत्तर म्हणत नाहीत.

पाकिटावर शोधायचंच असेल तर 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' हे वाक्य शोधा, आणि ते कुठल्या वयासाठी आहे ते बघा. पुष्कळ ग्रेव्ही पाऊच आणि ट्यूनाचे डबे 'कॉम्प्लिमेंटरी' असतात, म्हणजे खाऊ. ते रोजचं जेवण नव्हे. कुणी 'आफ्को-प्रमाणित' म्हणून विकत असेल तर सावध व्हा. आफ्को ही अमेरिकन संस्था निकष ठरवते, कुठलंही खाणं तपासत नाही की प्रमाणित करत नाही. निकषांवर नुसतं कागदावर जुळवलेलं खाणं आणि मांजरांना २६ आठवडे खाऊ घालून तपासलेलं खाणं यातही फरक असतो. बाकी ग्रेन-फ्री, 'नॅचरल', डोंगर-दऱ्यांची चित्रं, यावर मी एक रुपया जास्त देत नाही.

आणि पेट शॉपमधून सुट्टं घेऊ नका. उघड्या पोत्यातून किलोने तोलून पारदर्शक पिशवीत देतात ते. त्यातली चरबी हवेने खवट होते, आणि त्या पिशवीवर बॅच नंबर नसतो, तारीख नसते. उद्या कंपनीने माल परत बोलावला तर तुम्हाला कळणार कसं? परवडत नसेल तर साध्या ब्रँडचं छोटं बंद पाकीट घ्या, हवाबंद डब्यात ठेवा, वर पाणी जास्त पोटात जाईल असं बघा. साधं पाकीट आणि मोजलेले ग्रॅम हे महागड्या पाकिटापेक्षा आणि भरलेल्या वाटीपेक्षा चांगलं, हे माझं मत आहे आणि त्यावर भांडायला मी तयार आहे.

कमेंटमध्ये "मग कोणता ब्रँड?" विचारणार असाल तर सोबत वय, वजन, नसबंदी झाली आहे का, पाणी किती पितं आणि दिवसाला किती खातं ते लिहा. ग्रॅममध्ये. वाटीत सांगितलंत तर वाटी तोलून या.