पावत्यांना रद्दी म्हणणाऱ्या वाचकांस

नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरच्या विडी कामगारांच्या जुन्या युनियनच्या दप्तराविषयी मी लिहिलेल्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे: वर्गणीच्या पावत्या म्हणजे रद्दी आणि तिला इतिहास म्हणणे हा भावनेचा बाजार, महत्त्वाचे ते सगळे सरकारदरबारी जमा असतेच, जपायचेच असेल तर स्कॅन करून कागद निकालात काढावेत. आणि शेवटी, "ताई, जरा अभ्यास वाढवा."

शेवटापासूनच सुरुवात करते. मतभेदाला माझी कधीच हरकत नसते. पण सभासद नोंदवही, सभांची इतिवृत्ते, मागणीपत्रे, करारांच्या प्रती असे एकेक बाड उघडून मी त्यात काय आहे ते सांगितले. त्यातल्या एकाही कागदाबद्दल चकार शब्द न काढता अभ्यास वाढवायला सांगायचे, याला चर्चा म्हणत नाहीत. हाच लेख एखाद्या प्राध्यापकाच्या नावाने आला असता तर आपण "ताई"ऐवजी "सर" लिहिले असते आणि सल्लाही गिळला असता, असे मला स्पष्ट वाटते. आपण निवृत्त हिशेब तपासनीस आहात म्हणता. मग पावतीची स्थळप्रत, म्हणजे पुस्तकातच राहणारी प्रत, कशासाठी ठेवतात, हे मी आपल्याला सांगायची वेळ यायला नको होती.

एक मान्य करते. पावत्या सगळ्या एकसारख्या असतात. नाव, गल्ली, रक्कम, सही. पुस्तकामागून पुस्तक तेच. वाचताना डोळे दुखतात. पण कंटाळवाणे म्हणून निरुपयोगी, हे मला पटत नाही.

आता ते "सरकारदरबारी सगळे असते". ज्या काळचे हे दप्तर आहे त्या काळी 1926 चा ट्रेड युनियन कायदा लागू होता. त्याच्या 28व्या कलमाप्रमाणे नोंदणीकृत युनियन दरवर्षी सरकारी निबंधकाकडे विवरणपत्र भरायची. त्यात जमाखर्च, पदाधिकाऱ्यांतले बदल आणि सभासदांची संख्या. संख्या, नावे नव्हेत! नावांची यादी युनियनच्या कचेरीतच राहायची, आणि म्हणून 20व्या कलमाने ती यादी नि हिशेबाच्या वह्या तपासायचा हक्क सभासदाला दिला होता. म्हणजे युनियनचे कपाट रद्दीवाल्याकडे गेले की नावे गेली. सरकारकडे उरतो तो नुसता आकडा.

विडीच्या धंद्यात नावाला काय किंमत होती, हे कारखान्यात हजेरी लावून पगार घेणाऱ्याला चटकन कळणार नाही. बायका घरी बसून विड्या वळायच्या. पाने आणि तंबाखू ठेकेदाराकडून, मजुरी हजार विड्यांमागे. हक्काचा प्रश्न निघाला की मालकाचे उत्तर ठरलेले: ही आमची कामगारच नाही. 1966 च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्यांनाही कामगार मानले. 1977 साली या धंद्याला भविष्य निर्वाह निधी लागू झाला, तरी घरी वळणाऱ्या बायकांना तो मिळावा की नाही यावर मालक कोर्टात गेले, आणि 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने "मिळावा" असे सांगितले. इतकी वर्षे जिला कामगार म्हणायलाच मालक तयार नव्हता, तिचे नाव त्याच्या वहीत कुठून सापडणार? ते सापडते एक रुपया वर्गणीच्या पावतीवर.

माझी आई विड्या वळायची. भिजवलेली पाने पत्र्याच्या मापाने कातरताना तिच्या बोटांना पडलेले घट्टे मी पाहिलेत. तपासणीला नेलेल्या विड्यांतून मुकादम मूठभर काढून बाजूला टाकायचा, ती छाट. छाटीची मजुरी नाही, आणि विड्याही परत नाहीत. छाटीचे तंटे इतके होते की 1966 च्या कायद्यात त्यांच्यासाठी तरतूद करावी लागली. या दप्तरातल्या एका स्थळप्रतीवर जांभळ्या शाईचा अंगठा आहे, आणि पाठीमागे वर्गणी घेणाऱ्याने शिसपेन्सिलीने खरडले आहे: "पाने वाळकी दिली, छाट फार, बाई रडत होती." हे कुठल्या विवरणपत्राच्या रकान्यात बसते ते मला दाखवा. भावनेचा बाजार हे शब्द आपण कुणाबद्दल वापरलेत, याचा जरा विचार करा.

स्कॅनिंगचे म्हणाल तर ते चालूच आहे. मात्र त्या पावतीची पुढची बाजूच स्कॅन झाली असती आणि कागद आपल्या सल्ल्याप्रमाणे निकालात निघाला असता, तर मागची ओळ कायमची गेली असती. नाशिकच्या कामगारांचा इतिहास सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींपासून सुरू होतो, या आपल्या विधानावर वेळ घालवत नाही. त्या वसाहती उभारणाऱ्या एमआयडीसीची स्थापना 1962 ची आणि नाशिकरोडचा सिक्युरिटी प्रेस हा सरकारी छापखाना 1925 पासून चालू आहे, एवढे पुरे. खर्च कोण करणार, हा प्रश्न आपण विचारू नये. आपल्याकडे कुणी वर्गणी मागितलेली नाही.

पावत्या कापडात बांधून, कडुनिंबाचा पाला घालून पेट्यांत ठेवल्या आहेत आणि तिथेच राहतील. सभासद बायका किंवा त्यांच्या घरचे कुणी नाव शोधायला आले तर पेटी उघडून देईन. आपणही या, आडकाठी नाही. पुढची प्रतिक्रियाही अवश्य लिहा, फक्त तिच्यात पुन्हा "रद्दी गोळा करणाऱ्या बाई" असा उल्लेख असेल तर ती मी प्रसिद्ध करणार नाही.