हरल्यावर आधी फॉर्म २० उघडा

२०२४च्या विधानसभेला १०१ जागा लढवून १६ आल्या, तेव्हापासून महाराष्ट्र काँग्रेसमध्ये दोन पंथ आहेत. एक म्हणतो मशीनने हरवलं, दुसरा म्हणतो लाडक्या बहिणीने हरवलं. दोन्हींत सोय सारखीच, कुणाच्या तालुक्याचा हिशेब मागावा लागत नाही. त्याच्या सहाच महिने आधी लोकसभेला १७ लढवून १३ आणणारा हाच पक्ष होता, त्यामुळे हिशेब तर मागायलाच हवा.

आधी एक आकडा बघू. २०१९ला काँग्रेसने १४७ जागा लढवल्या, सुमारे साडेसत्त्याऐंशी लाख मतं मिळाली, ४४ आमदार आले. २०२४ला १०१ जागा, जेमतेम ८० लाख मतं, १६ आमदार. म्हणजे लढवलेल्या जागेमागे सरासरी मतं साठ हजारांवरून ऐंशी हजारांच्या आसपास गेली. यात ठाकरेंच्या सेनेची मतं आहेत, मतदानही ६१वरून ६६ टक्क्यांवर गेलं होतं, ते सगळं वजा करा. तरीही ‘आपला मतदार पळाला’ असं सरसकट म्हणता येत नाही. खरा प्रश्न असा की वाढलेलं मतदान समोरच्याच्या पेटीत कुठे पडलं, आणि कुठे नाही. याचं उत्तर चिंतन शिबिरात मिळत नाही. ते फॉर्म २०मध्ये असतं.

फॉर्म २० म्हणजे मतदान केंद्रनिहाय अंतिम निकालपत्रक. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मतदारसंघवार मिळतं. बहुतेकदा स्कॅन केलेली पीडीएफ असते, त्यामुळे हातानेच टाइप करावी लागते. मतदारसंघात साधारण साडेतीनशे केंद्रं. दोन मुलं बसवली तर चार-पाच दिवसांचं काम. शेजारी लोकसभा २०२४चे त्याच विधानसभा क्षेत्रातले केंद्रनिहाय आकडे लावा, मग २०१९ची विधानसभा.

इथे हमखास चूक होते ती केंद्र क्रमांकाची. केंद्रं फुटतात, जोडली जातात, क्रमांक सरकतात. २०१९चं ११२ आणि आताचं ११२ एकच असेल असं नाही. म्हणून जुळवणी गावाच्या आणि शाळेच्या नावाने करायची. दुसरी चूक नुसती टक्केवारी बघण्याची. मतदान वाढलं असेल तर आपली मतं तेवढीच राहूनही टक्का पडतो. अशा गावात ‘लोक नाराज आहेत’ म्हणून पदयात्रा काढणं व्यर्थ, तिथे नवा मतदार कोण होता ते शोधायला हवं. तिसरी गोष्ट बंडखोराची. त्याची मतं वेगळ्या रकान्यात ठेवा, आपल्यात मिळवून ‘जिंकलोच होतो’ म्हणू नका.

साकोलीत नाना पटोले २०८ मतांनी आले. तीनशेवर केंद्रांत वाटलं तर केंद्रामागे एक मतसुद्धा पडत नाही. तेव्हाच्या प्रदेशाध्यक्षाच्या मतदारसंघाची ही गत असेल तर बाकीच्यांनी बूथचा विषय कार्यकर्त्यांवर सोडून देऊ नये.

आता मशीन आणि यादी. संध्याकाळी पाचचा ५८.२२ टक्क्यांचा आकडा आणि अंतिम ६६.०५, लोकसभा ते विधानसभा यादीत वाढलेले सुमारे ४० लाख मतदार, हे प्रश्न विचारायलाच हवेत. पण विचारण्याची मुदत असते, आणि ती भाषणाने वाढत नाही. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष उमेदवारांच्या प्रत्येक मतदान प्रतिनिधीला १७-सी या नमुन्याची प्रत देतो. त्यात त्या यंत्रात किती मतं नोंदली गेली ते लिहिलेलं असतं. सगळ्या केंद्रांच्या प्रती हातात असल्या तर पाचनंतर काय झालं याची बेरीज आपली आपण करता येते. प्रतिनिधी साडेपाचला घरी गेला असेल तर आपल्याकडे फक्त संशय उरतो. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालानंतर सात दिवसांत पाच टक्के यंत्रांची तपासणी मागता येते; २०२४ला त्यासाठी संचामागे ४० हजार रुपये अधिक जीएसटी भरावा लागत होता. निवडणूक याचिकेला ४५ दिवस. मे २०२५मध्ये आयोगाने सांगून टाकलं की याचिका नसेल तर चित्रीकरणही ४५ दिवसांनंतर नष्ट करा. मग सहा महिन्यांनी घेतलेल्या पत्रकार परिषदेचा न्यायालयात उपयोग काय?

लाडकी बहीण. जून २०२४च्या अर्थसंकल्पात घोषणा झाली आणि नोव्हेंबरचा हप्तासुद्धा मतदानाआधी खात्यात पडला, म्हणजे पाच हप्त्यांचे साडेसात हजार. आघाडीने महिना ३,००० रुपयांची महालक्ष्मी जाहीर केली ६ नोव्हेंबरला, मतदानाच्या चौदा दिवस आधी. हातातल्या साडेसात हजारांपुढे छापील तीन हजार कोण धरून बसेल? दुप्पट बोली लावणं हे डावीकडे झुकलेल्या पक्षाचं धोरण नव्हे, तो लिलाव झाला.

सोयाबीनचंच घ्या. २०२४च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२, बाजारात त्यापेक्षा बरंच कमी. विदर्भ-मराठवाड्यात यापेक्षा मोठा विषय नव्हता आणि पक्षाची जुनी जमीनही तीच. पण शेतकरी अडतो तो घोषणेत नाही, खरेदी केंद्रावर. नोंदणी झाली पण मेसेज येत नाही. मेसेज आला तर बारदाना नाही. बारदाना आला तर ओलावा जास्त म्हणून माल परत. बारा टक्क्यांची अट केंद्र सरकारने मतदानाला पाच दिवस उरले असताना पंधरावर नेली, ती तरी प्रत्येक केंद्रावर लागली का हे बघायला पक्षाचा माणूस होता का? ओलावा मोजायचं यंत्र घेऊन दोन कार्यकर्ते हंगामभर केंद्रावर उभे राहिले, परत पाठवलेल्या मालाची नोंद वहीत ठेवली आणि दर आठवड्याला ती यादी जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर टाकली, तर त्याचं मोल सातबारा कोरा करण्याच्या दहा भाषणांपेक्षा जास्त आहे. हेच काम अंगणवाडी सेविकांच्या थकलेल्या मानधनाचं, बंद पडलेल्या निराधार पेन्शनचं.

जागावाटपावर फार लिहायला नको, सगळ्यांनी पाहिलंय. भाजपची ९९ जणांची पहिली यादी २० ऑक्टोबरला आली आणि त्यानंतर अर्ज भरायची मुदत संपेपर्यंत आघाडीत जागांची ओढाताण चालू होती. कोल्हापूर उत्तरमध्ये तर अधिकृत उमेदवाराने शेवटच्या दिवशी माघार घेतली आणि यंत्रावर पंजाच राहिला नाही.

राहिली संघटना. मे २०२२मध्ये उदयपूरच्या पक्ष शिबिरात ठरलं होतं की एकाच पदावर पाच वर्षांहून जास्त कुणी नको, निम्मी पदं पन्नाशीच्या आतल्यांना, रिकाम्या जागा ९० ते १२० दिवसांत भरायच्या. नवं काही शोधायची गरजच नाही. प्रत्येक जिल्हाध्यक्षाच्या नावापुढे नेमणुकीची तारीख लिहून ती यादी टिळक भवनात, म्हणजे प्रदेश कार्यालयात लावली तरी पुष्कळ.

आणि बूथ प्रतिनिधी. निवडणुकीपुरता नेमलेला नको, आयोगाकडे रीतसर नोंदलेला हवा. त्याला एका दिवसात मतदारयादीचे दहापेक्षा जास्त अर्ज देता येत नाहीत आणि एकूण तीसच्या वर गेले की अधिकारी पडताळणी करतात, हे बहुतेकांना माहीतच नसतं. शेवटच्या आठवड्यात दोनशे अर्जांचा गठ्ठा घेऊन जातात आणि परत येतात. नव्या नावासाठी ६ नंबरचा अर्ज, चुकीच्या नावावर हरकतीला ७, पत्ता बदलायला ८. पात्रतेच्या तारखा आता वर्षातून चार आहेत, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची पहिली. म्हणजे दर तिमाहीला गावातली अठरा पूर्ण केलेली मुलं, लग्न होऊन आलेल्या सुना आणि वारलेली माणसं एवढंच तपासायचं. हजार-बाराशे नावांच्या यादीला दोन संध्याकाळी लागतात.