खुलासा : युंगफ्राउयोख 'फुकट' नाही

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर मीच टाकलेला मेसेज आता तीन ग्रुप फिरून परत माझ्याकडे आला, म्हणून हे लिहितोय. ऑगस्टअखेरच्या स्वित्झर्लंड सहलीबद्दल मी म्हटलं होतं की स्विस ट्रॅव्हल पास (स्वित्झर्लंडभर रेल्वे-बसने फिरायचा पास) काढला की युंगफ्राउयोख, म्हणजे तिथल्या डोंगरावरच्या उंच रेल्वे स्टेशनापर्यंतचा प्रवास, फुकट, आणि सहा वर्षांखालच्या मुलांना व्हिसा लागत नाही. दोन्ही चूक. चूक माझीच.

काल पासचा अधिकृत नकाशा मोठा करून पाहिला. वेंगेन आणि ग्रिंडेलवाल्ड या गावांपर्यंत रेघ सलग आहे, म्हणजे प्रवास पासमध्ये येतो; पुढे तुटक. तुटक म्हणजे फक्त सवलत. तिथून युंगफ्राउयोखच्या ३४५४ मीटरवरच्या स्टेशनापर्यंत २५ टक्के सूट मिळते, बाकीचे पैसे भरावेच लागतात. चौघांच्या घराला हा खर्च चांगलाच जाणवतो. रिगी डोंगराची रेल्वे मात्र पासमध्ये पूर्ण येते. आजी-आजोबा सोबत असतील तर मला तोच बेत बरा वाटतो.

व्हिसा तान्ह्या बाळालाही लागतो. सहा वर्षांखाली माफ असते ती फी. सहा ते बारा वर्षांखालच्या मुलांना ४५ युरो, मोठ्यांना ९०. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, किमान १५ दिवस आधी तरी करायलाच हवा. पण सुट्टीच्या हंगामात तारखा मिळत नाहीत, तेव्हा १५ दिवसांवर विसंबू नका.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलाय त्यांना हा द्या, विशेषतः ज्यांनी त्या हिशेबाने बजेट मांडलंय त्यांना.